राखेतलं अंडं

दोन हजार तेवीस साल. दसरा होऊन आठ दिवस झाले होते, मला बहात्तरावं लागलं होतं, आणि साताऱ्यातल्या माझ्या घरातून गॅसची शेगडी उचलली गेली. उचलणारा माझाच मुलगा, विश्वजित. तो इस्लामपुरात साखर कारखान्यात केमिस्ट आहे, मोजूनमापून बोलतो, मोजूनमापून चालतो. त्याने सिलिंडर बंद केला, नळी काढली, आणि शेगडी दोन्ही हातांवर आडवी धरून, तिच्यात काठोकाठ काही भरलेलं असावं तशी, अंगणातून गाडीपर्यंत नेली. ओट्यावर तिच्या चार पायांचे चार गोल डाग राहिले. तेहतीस वर्षं ती त्या जागी होती. मी ओल्या फडक्याने डाग पुसले. ते गेले नाहीत, आणि मला त्याचं बरं वाटलं.

निमित्त दुधाचं झालं. मंगळवारी सकाळी शेजारच्या रंगुबाई परसातल्या भिंतीवरून ओरडल्या, "आवं जाईबाई, जळका वास याय लागलाय. दूध लागलं का वो तुमचं?" मी उत्तर दिलं नाही म्हणून त्या मागच्या दाराने आत आल्या. पातेलं आतून कोळसा झालं होतं, बुडाशी लाल दिसत होतं, स्वयंपाकघरात धूर कोंडला होता, आणि मी त्या पातेल्यापासून दोन हातांवर उभी होते. हातात चिमटाही होता. त्यांनी गॅस बंद केला, खिडकी उघडली आणि माझ्याकडे बघत म्हणाल्या, "हितंच हाईसा की." मग त्यांनी विश्वजितला फोन केला. त्यांच्या जागी मी असते तर मीही केला असता.

"आई, गॅस लावून विसरलीस तू," विश्वजित म्हणाला. मी हो म्हणाले. माझ्या वयाच्या बाईला हा शब्द सोयीचा असतो. एसटीत कुणी उठून जागा द्यावी आणि आपण न बोलता बसावं, तशी मी त्या शब्दावर बसले. खरं तर मी काहीच विसरले नव्हते. माझं दुखणं नेमकं उलट होतं, आणि ते त्याला कसं सांगावं हे मला कळत नव्हतं. त्याने अटी सांगितल्या. दुपारचा आणि रात्रीचा डबा रंगुबाईंच्या सुनेकडून येईल. चहाला विजेची किटली. महिनाभर बघायचं, जमलं तर ठीक, नाहीतर घर बंद करून इस्लामपूरला यायचं. म्हणजे दिवसातली सकाळ तेवढी माझ्या हातात राहिली, आणि त्या सकाळवर माझं घर टिकणार होतं. सकाळसाठी माझ्या सुनेने, संयोगिताने, एक यंत्र आणलं. काळं, गोलसर, पोटात ओढून काढायचा खण, वर दोन चक्र्या. एक उष्णतेची, एक मिनिटांची. "आई, ह्याला एअर फ्रायर म्हणतात. तेल नाही, जाळ नाही. वेळ भरली की घंटा वाजते आणि आपोआप बंद होतं. आणि गंमत म्हणजे ह्यात अंडी पाण्याशिवाय उकडतात." तिने हे असं सांगितलं, जसं एखाद्या लहान पोरीला जादू दाखवावी. मी हसले. पाण्यावाचून केलेलं अंडं मी एकसष्ट वर्षांपूर्वी खाल्लं होतं.

इस्लामपूरच्या घरात वाईट काही नाही. सून समजूतदार आहे, खोली मोठी आहे, खिडकीतून उसाचे तुरे दिसतात. पण तिथे मी खुर्चीत बसून नुसती समोर बघत राहिले की पाच मिनिटांत कुणीतरी विचारतं, "काय झालं आई? बरं वाटत नाही का?" आणि टीव्ही लावून देतात. इथे माझ्या घरात मला कुणी परत बोलावत नाही. हे मला किती लागतं, ते शेगडी गेल्यावर कळलं.

ती दोघं गेली आणि मी पहिलं काम केलं ते म्हणजे यंत्र ओट्यावरून उचलून मागच्या पडवीत नेलं. तिथे माझ्या नवऱ्याची, जोतीरामांची, पलटणीतली काळी पेटी आहे, वर पांढऱ्या रंगात त्यांचा नंबर आणि नाव. तिच्यावर यंत्र बरोबर बसलं. अंडी घरात करायची नसतात. कडेगावला मी सून म्हणून गेले तेव्हा माझ्या सासूने, चंद्राबाईंनी, हे एकदाच सांगितलं होतं, पुन्हा सांगावं लागलं नाही. जोतीराम दोन महिन्यांच्या रजेवर आले की पहिल्या सकाळी म्हणायचे, "आये, पलटणीत रोज दोन अंडी देत्यात." सासूबाई भाकरी थापता थापता म्हणायच्या, "पलटणीत तुजी आय न्हाई. हितं हाय." आणि मग स्वतःच उठून मागे चिंचेखाली तीन दगड मांडायच्या, वेगळा तवा काढायच्या आणि मला म्हणायच्या, "तकडं कायबी शिजव. माझ्या चुलीला सांगू नगंस." मी वाऱ्यात वाकून, डोळे चोळत, जोतीरामांनी पलटणीच्या मेसमध्ये बघितलेलं आम्लेट त्यांच्या सांगण्यावरून करायची. ते उकिडवे बसून सूचना द्यायचे, "आता उलट. आगं, आता," आणि ते फाटलं की म्हणायचे, "असू दे, लढाईत असलंच मिळतं." पुढे साताऱ्यात हे घर बांधलं तेव्हा सासूबाई जाऊन चार वर्षं झाली होती, तरी जोतीरामांनी मागच्या पडवीत एक फळी आणि एक छोटी शेगडी ठेवली. कुणी काही ठरवलं नाही. अंडं हातात घेतलं की पाय आपोआप मागच्या दाराकडे वळायचे. विश्वजित लहानपणी त्या फळीपाशी बसूनच अंडी खायचा. त्याला हे ठाऊक आहे, असं मी धरून चालले.

पहिल्या दिवशी यंत्रात दोन अंडी ठेवली आणि सातव्या मिनिटाला आत कुणीतरी टाळी वाजवावी तसा आवाज झाला. खण ओढला तर एक अंडं फुटून त्याचा पांढरा फेस जाळीला चिकटलेला. मला माझाच राग आला, कारण हे मला माहीत होतं. कोरड्या उष्णतेत अंडं ठेवायचं तर त्याच्या बोथट टोकाला, जिथे आत हवा बसलेली असते तिथे, आधी भोक पाडायचं. दुसऱ्या दिवशी मी सुई घेतली. दीडशेवर बारा मिनिटं, मग गार पाणी. कवच एका सालीत निघालं. चौथ्या दिवशी स्टीलच्या वाटीला तेलाचं बोट फिरवून त्यात अंडं फोडलं, कांदा, मिरची, मीठ. कोथिंबीर वरून टाकली ती आतल्या वाऱ्याने उडून वरच्या तारेला लागली आणि जळली, तेव्हापासून कोथिंबीर नंतर. आणि दुसऱ्या आठवड्यात मला भाकरी सुचली. डब्यातली रात्रीची ज्वारीची भाकरी उरायची. तिचा पापुद्रा सुरीने अलगद सोडवायचा, पिशवीसारखं तोंड करायचं, आत फेटलेलं अंडं ओतायचं, आणि पापुद्रा वाऱ्याने उघडू नये म्हणून त्यावर एक लहान वाटी पालथी घालायची. आठ मिनिटं. कडा पापडासारख्या मोडतात, आत अंडं मऊ राहतं. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. ती भाकरी मी पेटीसमोरच्या पाटावर बसून खाल्ली आणि स्वतःवर खूश झाले. बहात्तराव्या वर्षी नवीन पदार्थ निघतो हाताखालून, हे काही थोडं नव्हे.

पण त्या यंत्रातली खरी चीज म्हणजे मिनिटांची चक्री. ती फिरवली की टिकटिक सुरू होते आणि तेवढी मिनिटं माझी असतात. मी पाटावर बसते, भिंतीला टेकते, आणि निघते. कुठेही गेले तरी घंटा वाजणार, जाळ आपला आपण थांबणार. इतकी वर्षं कुणी मला असा वेळ बांधून दिला नव्हता. दूध उकळायचं, भात रटरटायचा, पोर रडायचं, नवरा हाक मारायचा, आणि मी दारापर्यंत जाऊन परत यायचे. आता मी सरळ पलूसच्या बाजूला, नदीकाठच्या आमच्या मळ्यावर, आप्पांच्या गुऱ्हाळावर पोचते. आप्पा म्हणजे माझे वडील. साल बासष्ट, मला अकरावं लागलेलं. चरकाची कुरकुर, चिपाडाचा धूर, मोठ्या काहिलीत उसाचा रस फुगून वर येतोय आणि काठावर नाथाजी बसलाय. नाथाजी आमचा गुळव्या. रसाचा गूळ कधी झाला हे ओळखणारा माणूस. तो पाण्यात बोटं बुडवायचा, तीच बोटं उकळत्या पाकात घालून चिमूटभर पाक उचलायचा, त्याची गोळी वळून कानाशी नेऊन काशाच्या ताटलीवर टाकायचा. आवाजावरून सांगायचा, उतरवा. त्याआधी तासभर तो नुसता फेसाकडे बघत बसलेला असायचा, पापणी न हलवता. माणसं म्हणायची, "नाथा, झोपलास व्हय रं?" तो म्हणायचा, "हितंच हाय गड्या. जरा लांब गेलतो." पंचवीस वर्षं तो असा लांब जात होता आणि एकही काहील त्याच्या हातून बिघडली नव्हती.

अंडं राखेत भाजायला मला त्यानेच शिकवलं. बाभळीच्या काट्याने भोक, ओल्या चिंधीची गुंडाळी, आणि काहिलीखालच्या चुलवाणाच्या तोंडाशी निखाऱ्यात नव्हे, राखेत पुरायचं. मळी, म्हणजे रसावर येणारा मळकट फेस, दोनदा काढून झाली की अंडं झालं, हे त्याचं घड्याळ. घरी कळू द्यायचं नव्हतं, म्हणून त्या अंड्याला धुराची आणि भीतीची मिळून एक चव होती. माघातल्या एका सकाळी मी अंडं राखेत पुरलं आणि मळी एकदा काढून झाल्यावर मला आठवलं की काट्याने भोक पाडलंच नाही. मी ओरडले, "तात्या, भोक ऱ्हायलं, माझं अंडं फुटणार." नाथाजीने माझ्याकडे बघितलं. हातातली पाकाची गोळी अजून मऊ होती. तो हसला, "थांब," म्हणाला, उठून खाली चुलवाणाच्या तोंडाशी आला, काटकीने अंडं बाहेर ओढलं, काटा टोचला, फेसाचा एक थेंब आला, त्याने चिंधी परत गुंडाळली आणि अंडं राखेत सरकवलं. एवढाच वेळ. वर जाईपर्यंत काहिलीचा रंग गेला होता. करपट वास सगळ्या मळ्यावर पसरला. आप्पा चरकाकडून धावत आले. "कुठं ध्यान हुतं रं तुजं?" नाथाजीने एकदा माझ्याकडे बघितलं. मी बोलले असते तर तेव्हाच. मग तो म्हणाला, "हितंच हुतो आप्पा. जरा लांब गेलतो." आप्पा म्हणाले, "मग लांबच ऱ्हा आता." नाथाजीने काशाची ताटली पुसून खांबाला टेकवून ठेवली, पटका बांधला. जाताना वाकून त्याने राखेतून अंडं काढलं, दोन तळहातांवर झेलत माझ्यापाशी आला आणि माझ्या ओच्यात टाकलं. "अंडं नीट झालंय. खा." मी ते खाल्लं. सांगायला लाज वाटते, पण ते फार चांगलं लागलं.

त्या मंगळवारी सकाळी दूध वर येत होतं, त्याच्या कडेला पिवळसर साय धरत होती, आणि ते वर येणं हुबेहूब काहिलीसारखं होतं. मी निघाले. या खेपेला मी ओरडायच्या आधी तोंडावर हात ठेवणार होते. अंडं फुटलं तर फुटू दे. मी तिथे उभी राहून ते फुटायची वाट बघत होते, इतक्यात रंगुबाई आल्या. याला विसरणं म्हणतात का, मला माहीत नाही.

महिना संपायला चार दिवस होते तेव्हा संयोगिताचा फोन आला, चेहरा दिसणारा. "आई, ओटा दाखवा बरं." मी दाखवला. ओटा लख्ख होता, वर चार डाग आणि दुसरं काही नाही. तिकडे दोघं एकमेकांकडे बघत राहिली. "बरं, ठेवते," ती म्हणाली. मला वाटलं, स्वच्छता बघायची असेल. आणि रविवारी सकाळी आठ वाजता गाडी दारात आली. विश्वजितच्या हातात चाकाची मोठी बॅग होती. त्याने ती ज्या सहजपणे उंबऱ्यावरून उचलली त्यावरून ती रिकामी आहे हे कळलं, आणि कशासाठी आणली आहे हेही.

"आई, मशीन कुठाय?" त्याने विचारलं.

"आहे की."

"कुठं? ओट्यावर तर नाही. संयोगिता, माळ्यावर बघ. परत खोक्यात भरून ठेवलं असेल."

"माळ्यावर कशाला? मागं आहे," मी म्हणाले.

ती दोघं माझ्यामागून पडवीत आली. पेटीवर यंत्र, त्यावर मी टाकलेलं धुतलेलं फडकं, शेजारी सुई टोचलेली दोऱ्याची रीळ, अंड्यांची टोपली. विश्वजितने फडकं उचलून बघितलं. "मागं का पण?"

"अंडी घरात कशी करणार?"

"आई," संयोगिता समजावणीच्या सुरात म्हणाली, "ह्याला चूल नाही, जाळ नाही. मग विटाळ कसला?"

"विटाळ कुठे म्हणाले मी? जागा ठरलेली आहे."

विश्वजितने भिंतीकडे बघितलं. जुनी फळी आणि ती छोटी शेगडी कधीच गेली, पण फळीचे दोन खिळे अजून तिथे आहेत. तो संयोगिताला म्हणाला, "अगं, खरंच. आम्ही अंडी इथंच खायचो. बाबा परेड घ्यायचे आणि आई वाढायची. मी साफ विसरलो."

भिंतीपलीकडे रंगुबाई कपडे वाळत घालत होत्या. त्या म्हणाल्या, "मग आता तुमचीबी शेगडी उचलायची का वो, सायेब?"

संयोगिताला हसू फुटलं, ते तिने पदरात दाबलं. विश्वजित हसला नाही. तो पाटावर बसला आणि म्हणाला, "बरं. कर बघू." तेव्हा ती परीक्षा आहे हे आम्हा तिघांनाही, आणि भिंतीपलीकडच्या चौथीलाही, कळलं.

मी हात धुतले. आधी तीन भाकऱ्या, एकामागून एक, पापुद्रा सोडवून, वाटी पालथी घालून. संयोगिता वाकून बघत होती. "ही वाटी कशाला?" "वारा पापुद्रा उघडतो." "हे कुठं बघितलंत आई?" "कुठे नाही." तिने पहिला घास घेतला आणि लगेच दुसरा मोडला. विश्वजितने त्याच्या भाकरीच्या कडा आधी मोडून खाल्ल्या, लहानपणी खायचा तशाच. मग मी सहा अंड्यांना सुई टोचली, खणात ठेवली, दीडशेवर चक्री लावली, बारा मिनिटं फिरवली. टिकटिक सुरू झाली. ती दोघं कारखान्याच्या गाळपाचं काही बोलत होती. मी भिंतीला टेकले. आज तरी जायचं नाही असं मी ठरवलं होतं. पण चक्रीचा आवाज ऐकला आणि पाय सवयीने निघाले. मळी एकदा काढली. नाथाजी काठावर बसला होता. मी जवळ गेले आणि काहीच बोलले नाही, आम्ही दोघंही फेसाकडे बघत राहिलो. फार लांबून, दोन शेतं ओलांडून कुणी हाक मारावी तशी घंटा ऐकू आली. उठते, म्हटलं. पाय निघेना.

खांद्यावर हात होता. "आई. आई, कुठं होतीस?" विश्वजितचा आवाज बदलला होता. तो घाबरला होता. यंत्र थांबलेलं, पडवी शांत, संयोगिताने खण उघडायला हात पुढे केलेला तसाच राहिलेला. डुलकी लागली, असं मला म्हणता आलं असतं. तोही शब्द मोकळ्या जागेसारखा समोर होता. मी त्यावर बसले नाही.

"पलूसला होते," मी म्हणाले. "आप्पांच्या गुऱ्हाळावर." आणि मी सगळं सांगितलं. काटा, चिंधी, काहील, ओच्यातलं अंडं. जोतीरामांनाही मी हे कधी सांगितलं नव्हतं. दुधाचं सांगितलं, तेव्हा मी कशाची वाट बघत उभी होते तेही सांगितलं. विश्वजित साखरेतला माणूस, पाक हातचा जाणं म्हणजे काय ते त्याला समजावावं लागलं नाही. त्याने एकच विचारलं, "पंचवीस वर्षांत किती काहिली बिघडवल्या होत्या त्याने?"

"तेवढी एकच."

"आणि एका काहिलीसाठी आजोबांनी माणूस काढला?"

"तू एका पातेल्यासाठी शेगडी काढलीस," मी म्हणाले.

 भिंतीपलीकडे कपडे झटकायचा आवाज थांबला. विश्वजितने खण ओढला, एक अंडं गार पाण्यात बुडवलं आणि सोलायला लागला. कवच एका सालीत निघालं. त्याने ते उजेडाकडे धरून बघितलं, कारखान्यात नमुना बघतात तसं. मग म्हणाला, "अंडं नीट झालंय आई."

बॅग रिकामीच परत गेली. शेगडी मी मागितली नाही, त्यानेही आणून देतो म्हटलं नाही. आमच्यात तेवढं बरोबरीत सुटलं.

नाथाजीला त्यानंतर आमच्या भागात कुणी काहिलीवर बसवलं नाही. तो लोकांच्या उसाची राखण करायचा. माझ्या लग्नाआधी, सत्तर साली, पलूसच्या बाजारात तो मला एकदा भेटला. "जाई, अंडी खातीस का अजून?" व्हय म्हटलं. "भोक पाडतीस न्हवं?" व्हय म्हटलं. तो मान हलवून गर्दीत गेला. दोन वर्षांनी वारला असं ऐकलं. आप्पांना खरं काय ते शेवटपर्यंत कळलं नाही. कारखाना झाला, ऊस तिकडे जाऊ लागला आणि गुऱ्हाळ आपोआप मोडलं. माझ्या सासूबाईंना शेवटच्या आजारात डॉक्टरांनी अंडं खायला सांगितलं, तेव्हा त्या काठी टेकत स्वतः चिंचेखाली गेल्या, तिथे बसून खाल्लं, चूळ भरली आणि मग घरात आल्या. जोतीराम दोन हजार अकरात गेले. त्यांच्या पेटीवरचा नंबर यंत्राच्या उष्णतेने पिवळट पडला आहे, नाव अजून वाचता येतं. रंगुबाईंनीही तसलं यंत्र घेतलं, पण ते ओट्यावर ठेवून त्यात नुसते पापड भाजतात. संयोगिताने तिचं यंत्र इस्लामपूरच्या घरात मागच्या गॅलरीत नेलंय. ओट्यावर जागा नव्हती, असं ती सांगते. विश्वजित महिन्यातल्या पहिल्या रविवारी येतो, अंड्यांना सुई स्वतः टोचतो, आणि मी भिंतीला टेकले की आवाज न करता बसून राहतो.

गेल्या साली यंत्राची घंटा बिघडली. वेळ भरली की ते बंद होतं, वाजत नाही. विश्वजित म्हणाला, दुरुस्त करून आणतो. मी नको म्हटलं. आता मी माझी मी परत येते. कधी वेळेवर येते, कधी थोडा उशीर होतो, तोवर अंडी गार झालेली असतात. मीठ जरा जास्त घ्यायचं. गार अंडंही चांगलं लागतं.